बोहल्यावर नानासाहेब

पुण्यात इतिहासाचं पुस्तक बाल्कनीत बसून वाचू नये. वाचायचंच असेल तर वर्तमानपत्राचं कव्हर घालावं. नाहीतर खालून कोणीतरी हटकतंच, "पानिपत का? कोणाचं?" आपण लेखकाचं नाव सांगितलं की वर येतो तो फक्त एक हुंकार, "हं." त्या एका "हं"मध्ये लेखकाची सगळी दफ्तरं, मोडी वाचून वाचून गेलेले डोळे, सगळं बाद.

या पावसाळ्यात मी पेशवाईवरची एक जाडजूड कादंबरीही वाचली. तिच्यात प्रत्येक प्रकरणाला पहाट होते, चौघडा वाजतो आणि कोणीतरी गवाक्षातून मुठेकडे बघतं. साधं कोणी बोलतच नाही. पाणी मागायचं तरी सुविचार. एवढ्या पानांत एकाही सरदाराला सर्दी होत नाही, एकाही कारकुनाचा हिशेब चुकत नाही. घरावर मात्र परिणाम झाला. जेवायला हाक मारली की चिरंजीव कंबरेत वाकून "हुकूम व्हावा" म्हणू लागले आणि मला "श्रीमंत, आधी ओला कचरा खाली ठेवून या" असं फर्मान सुटू लागलं.

त्यापेक्षा अस्सल पत्रं बरी. तिथे तलवारी कमी आणि पैशाची रड जास्त. 1760 च्या मार्चमध्ये भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले. बरोबर फौज होतीच, शिवाय बायकामुलं, बुणगे, तीर्थयात्रेला निघालेली मंडळी. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद आटली. तिकडे छावणीत माणसं-जनावरं उपाशी, आणि त्याच डिसेंबरात पुण्याचे धनी पैठणला नव्याने बोहल्यावर! पुस्तक मिटून मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागलो.

"आता काय झालं?" आतून आवाज आला.

"नानासाहेबांनी लग्न केलं."

"अगंबाई! बी विंगमधल्या?"

पुढची पानिपतची तारीख, 14 जानेवारी 1761, आपल्याला पाठच आहे. पण ती येईपर्यंत हिंगाचा वाससुद्धा नसलेल्या त्या छावणीची पानं वाचताना माझ्या हातातला चिवडा खाली ठेवला गेला, हे नमूद करतो. नंतर उचलला, तेही नमूद करतो.

गुन्ह्यांच्या सत्यकथांबद्दल माझं मत जरा कडू आहे. खुन्याच्या डोळ्यांवर दोन पानं आणि गेलेल्या माणसांवर दोन ओळी, हा हिशेब मला पटत नाही. जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर वाचायला घेतलं आणि सासूबाईंनी पुस्तक हातातून काढूनच घेतलं. 1976-77 च्या त्या दिवसांत दिवेलागण झाली की इथल्या पेठांतले रस्ते ओस पडायचे, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. 1983 मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली, तरी सासूबाई अजून कुरिअरवाल्याला साखळी लावूनच नाव विचारतात. पार्सल फटीतून मावत नाही, ही त्याची अडचण.

मला विचाराल तर आपल्या गावाची सगळ्यात अस्वस्थ करणारी सत्यकथा शनिवारवाड्याचीच. 30 ऑगस्ट 1773, ऐन गणपती, भरदुपार, आणि वाड्यात पेशव्याचाच खून. कादंबरीकार काका-काकूंच्या कारस्थानात रमतात, ते ठीक. मी अडकलो ते वेगळ्याच गोष्टीत: आत घुसलेल्या गारद्यांचा, म्हणजे पगारी शिपायांचा, पगार थकलेला होता. आणि आमच्या सोसायटीतही वॉचमनचा पगार थकलेला! रात्री गेटवर काठी आपटली की मी उठून बसू लागलो.

शेवटी सभेत विषय काढला. म्हटलं, "पहारेकऱ्याची बाकी ठेवू नये. नारायणरावांचं काय झालं? 30 ऑगस्टला..."

"तारीख काय सांगताय?" एक आजोबा मागून कडाडले. "तिथी सांगा!"

"भाद्रपद शुद्ध त्रयोदशी," मी.

"चतुर्दशी लागली नव्हती कशावरून?"

झालं. निम्मी सभा त्रयोदशीकडे, निम्मी चतुर्दशीकडे. चेअरमन पुराव्यासाठी घरी मुलाला फोन लावत होते. इतिवृत्तात ठराव आला तो असा: पुढील सभेस जुने पंचांग आणणे. वॉचमनच्या पगाराचा विषय वेळेअभावी तहकूब.