बाफ्टावरच थांबलात की!

अभिनेत्री रोहिणी हट्टंगडींवरचा तुमचा लेख छान, पण त्यांची कारकीर्द ‘गांधी’ सिनेमा आणि त्यासाठी मिळालेल्या बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्कारापाशीच गुंडाळलीत, हे काही पटलं नाही. (तो पुरस्कारही १९८३ साली अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपल्टनबरोबर विभागून होता, तेवढं तरी लिहायचं.) राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली तयार झालेली ही बाई! ‘गांधी’ या एकाच सिनेमात तरुण कस्तुरबा ते थकलेली बा; चालणं, बसणं, पदर सावरणं, सगळं वयानुसार बदलत जातं. ते कसब रंगभूमीचं. आणि आपल्या हिंदीवाल्यांनी काय केलं? ‘अग्निपथ’मध्ये वयाने मोठ्या अमिताभची आई! आमच्या दादरच्या बिल्डिंगीत मात्र त्या अजून ‘चार दिवस सासूचे’ मालिकेतल्या सासूबाईच. आईला बाफ्टाचं सांगितलं तर म्हणाली, “असेल बाई.”