सवलतीच्या ढिगापाशी

कोऱ्या सीडी-डीव्हीडी डिस्कवर मोठी सूट लागते ती नेमकी आपल्या उपकरणाला न चालणाऱ्या प्रकारावरच, हे इतक्या वेळा पाहिले आहे की 'निम्म्या किमतीत' अशी पाटी दिसली, तर मला आनंदाआधी संशय येतो. अशा पाटीसमोर इतर गिऱ्हाइके ढिगात हात घालतात, मी खिशातून चष्मा काढतो. पन्नास डिस्कच्या स्पिंडलभोवती, म्हणजे मधल्या दांडीवर डिस्क रचलेल्या डब्याभोवती, जी कागदी पट्टी असते, तिच्यावर कंपनीचे नाव ठसठशीत, वेगाचा आकडा त्याहून ठसठशीत आणि डिस्कचा प्रकार मात्र डोळे ताणून वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्या बारीक अक्षरांतही सगळी भिस्त 'डीव्हीडी' आणि 'आर' यांच्या मधल्या एका चिन्हावर असते. तिथे आडवी रेघ आहे की अधिकाचे चिन्ह, हे वेष्टनाच्या चुणीमुळे कळत नसेल, तर डबा उजेडात तिरका धरावा लागतो, आणि मग विक्रेता आपल्याकडे तिरका पाहू लागतो.

या दोन चिन्हांमागे थोरामोठ्यांचे भांडण आहे. पायोनियर कंपनीने 1997 मध्ये आडव्या रेघेची डीव्हीडी-आर आणली आणि डीव्हीडी फोरम या संघटनेने तिला आपली म्हटले. फिलिप्स, सोनी, एचपी प्रभृतींनी वेगळी चूल मांडली आणि 2002 मध्ये अधिकाच्या चिन्हाची डीव्हीडी+आर बाजारात उतरवली. दोन्ही 120 मिलिमीटर व्यासाच्या, दोन्ही सारख्याच चकचकीत, दोन्हींवर एकदा लिहिले की पुसायची सोय नाही. शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या बनवणाऱ्यालाही लेबल वाचल्याशिवाय ओळखता येणार नाहीत. पुढे दोन्ही प्रकार लिहिणारे रायटर आले आणि तंटा मिटला असे सर्वांनी गृहीत धरले. जुन्या प्लेअरपर्यंत मात्र या तहाची वार्ता अद्याप पोहोचलेली नाही. आमच्या ताईकडचा प्लेअर अशांपैकीच आहे. न मानवणारी डिस्क पोटात गेली की तो बराच वेळ घरघरतो, मध्येच थांबून विचार करतो आणि अखेरीस 'नो डिस्क' असे जाहीर करतो. आपल्याच पोटातील वस्तूचे अस्तित्व इतक्या शांतपणे नाकारणारे दुसरे यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

ताईला घरातल्या जुन्या चित्रफिती याच प्लेअरवर पाहायच्या असल्यामुळे माझा हा सारा अभ्यास आहे. तिच्या मुलाचे म्हणणे, "मामा, क्लाउडवर टाक ना सरळ." टाकल्या असत्या, पण ताईचा विश्वास हातात धरता येणाऱ्या वस्तूवर आहे, आणि खरे सांगायचे तर माझाही आहे. सध्या काळही खरेदीला अनुकूल आहे. सोनीने फेब्रुवारी 2025 मध्ये लिहिण्याजोग्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले, लॅपटॉपमधून ड्राइव्ह तर केव्हाच नाहीसे झाले, आणि दुकानदारांना उरलेला माल काढून टाकायची घाई झाली आहे. विक्रेत्याला विचारले, तर तो ठामपणे सांगतो, "साहेब, सगळीकडे चालतात." सगळीकडे म्हणजे कुठे, असे विचारले की थोडा विचार करून म्हणतो, "म्हणजे कॉम्प्युटरमध्ये."

चिन्ह जुळले म्हणून डबा लगेच उचलावा, असेही नाही. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क सवलतीत फार मोहक दिसतात, पण त्यांच्यावरून लेझरचा प्रकाश कमी परततो. कारखान्यात छापलेल्या सीडीवरून निदान 70 टक्के प्रकाश परत येतो, तर सीडी-आरडब्ल्यूवरून 15 ते 25 टक्केच. जुन्या प्लेअरला तेवढ्यात काही दिसत नाही. काही सीडीवर 'म्युझिक' असे लिहिलेले असते. त्या घरगुती ऑडिओ रेकॉर्डरसाठी असतात आणि काही देशांत त्यांच्या किमतीत गाण्यांच्या हक्कदारांसाठीचे शुल्कही मिळवलेले असते. संगणकाला हा फरक कळत नाही आणि त्याचे काही अडतही नाही. आठ सेंटिमीटरच्या बालडिस्क मी हातातही घेत नाही, कारण फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घातली की पुढचा कार्यक्रम चिमट्याने करावा लागतो.

मग येते डिस्क कोणी बनवली याची चौकशी, आणि इथे स्वस्ताई खऱ्या अर्थाने अंगावर येते. पट्टीवर ज्या कंपनीचे नाव असते, तिने ती डिस्क बनवलेली असेलच असे नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हा प्रकार या धंद्यात राजरोस चालतो. खऱ्या कारखान्याची ओळख डिस्कवरच एका संकेताच्या रूपाने नोंदवलेली असते, ती रायटरला वाचता येते, आणि त्या संकेतावरून किती जोराने लेझर मारायचा हे तो आपल्या यादीत पाहून ठरवतो. यादीत तो संकेत नसेल, तर रायटर अंदाजाने लिहितो. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन डब्यांत दोन वेगळ्या कारखान्यांचा माल निघू शकतो. जाणकार मंडळी जपानच्या ताइयो युडेनचा माल हुडकत असत; सीडी-आर जन्माला घालणाऱ्यांपैकी ही कंपनी, आणि तिनेही 2015 अखेर डिस्क बनवणे सोडले. तेव्हा संकेत पाहूनच डिस्क घ्यावी, हा सल्ला उत्तमच आहे. फक्त तो पाहण्यासाठी डबा फोडावा लागतो, आणि फोडलेला डबा कोणी परत घेत नाही.

क्षमतेचा हिशोब तर मुद्दाम छळण्यासाठीच केला असावा. डब्यावर 4.7 जीबी छापलेले असते, संगणक तीच डिस्क 4.38 जीबीची दाखवतो, आणि दोघेही खरे बोलत असतात, कारण डब्याचा हिशोब हजाराच्या पटीत चालतो आणि संगणकाचा 1024 च्या. त्यावर कडी म्हणजे अधिकाच्या चिन्हाच्या डिस्कमध्ये रेघेच्या डिस्कपेक्षा सुमारे सात एमबी जागा कमी असते. डीव्हीडी-आरवर काठोकाठ बसवलेला मजकूर डीव्हीडी+आरवर मावत नाही. नावात अधिक आणि पोटात उणे, हे ज्यांनी ठरवले त्यांना एकदा भेटण्याची माझी इच्छा आहे.

एवढे सगळे असूनही मी अखेर अधिकाच्या चिन्हाचीच स्पिंडल घेतली, आणि त्याला कारण आहे. काही रायटरमध्ये अशी सोय असते की, डीव्हीडी+आरवर लिहिताना तिच्या 'बुकटाइप' या रकान्यात ती कारखान्यात छापलेली डीव्हीडी-रॉम असल्याची नोंद करता येते. सरळ शब्दांत सांगायचे तर तो खोटा दाखला आहे. पण प्लेअर डिस्क तपासत नाही, दाखलाच तपासतो, आणि तो पाहून निमूटपणे आत घेतो. डीव्हीडी-आरला ही सवलत नाही. ती बिचारी प्रामाणिकपणे आपण कोण ते सांगते आणि नाकारली जाण्याचा धोका पत्करते. डब्यावर 16एक्स छापलेले असले तरी मी लिहिण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला, शेवटी डिस्क 'फायनलाइज' केली, म्हणजे तिच्यावर पुढे काही लिहिता येणार नाही अशी बंद केली, नंतर संगणकाकडून सगळे पडताळून घेतले. या पडताळणीला इतका वेळ लागतो की त्या अवधीत घरातले प्रत्येक माणूस एकदा तरी येऊन "झालं का?" असे विचारून जाते.

ताईच्या प्लेअरने घरघर केली, विचार केला आणि चित्र दाखवले. तासाभराने तिचा फोन आला. "अरे, छान दिसतंय. आता यातली गाणी तेवढी गाडीतल्या प्लेअरसाठी काढून दे." गाडीतला प्लेअर डीव्हीडी घेत नाही, फक्त सीडी घेतो, म्हणून कोणती सीडी चालते ते पाहण्यासाठी मी तिला माहितीपुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो पाठवायला सांगितले. फोटोत सीडी-आरपुढे बरोबरची खूण आहे, सीडी-आरडब्ल्यूपुढे फुली आहे, आणि खाली तळटिपेत 'काही सीडी-आर चालणार नाहीत' असे लिहिलेले आहे. कोणत्या, ते लिहिलेले नाही.