जेटचा तास कुठल्या रकान्यात?

एअरबस ए३२० चालवल्याची माझ्याकडे पावती आहे, जीएसटीसकट. लॉगबुकात, म्हणजे माझ्या उड्डाणांच्या नोंदवहीत, मात्र त्या तारखेसमोर, एकूण उड्डाणाच्या रकान्यात, एका बाईंनी मान वर न करता आडवी रेघ मारली. "सिम्युलेटर है ना? अलग कॉलम में. टोटल में नहीं जुड़ेगा." कुठल्या कचेरीतल्या बाई ते विचारू नका, मला तिथून अजून बरेच शिक्के घ्यायचेत.

नियम मला पाठ आहे, म्हणून तर जास्त झोंबलं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तास हवेत, त्यातले १०० स्वतः कमांडर म्हणून, शिवाय ३०० नॉटिकल मैलांची एक लांब फेरी. जेटची तोंडओळख म्हणजे सिम्युलेटर, वातानुकूलित खोलीत ठेवलेला एक नकली कॉकपिट. त्यात तुम्ही घाम गाळा, रडा, मुंबईच्या धावपट्टीवर उतरा. ती खोली तिथल्या तिथे. बाईंचं काहीच चुकलं नाही. पण रेघ मारताना निदान एकदा बघायला काय हरकत होती?

हे आईला कोण सांगणार? तिनं तोवर आमच्या इंदूरच्या खजराण्याच्या गणपतीला पेढे ठेवून अर्ध्या लोकमान्य नगरात जाहीर केलं होतं की पोरीनं जेट चालवलं. रविवारी सकाळी शेजारचे काका पोहे खायला आले तर तिनं कौतुकानं माझं लॉगबुकच त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

काका बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेत. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ते बघायला लागल्यापासून आमच्या गल्लीत खजिनदार व्हायला कुणी तयार नसतं. त्यांनी पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला, चष्मा लावला आणि खिशातून लाल पेन काढलं. पेन बघूनच माझ्या पोटात गोळा आला.

"रात्री दीड वाजता उडालीस?"

"काका, ती यूटीसी वेळ आहे, जगभरची एकच प्रमाणवेळ. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे सकाळचे सात."

"मग सकाळचे सात लिही की. वेळ रात्री दीडची, रकाना दिवसाचा! आमच्याकडे अशा नोंदीवर माणूस निलंबित व्हायचा."

"जगभर असंच लिहितात."

"जगभर घोळ आहे म्हणून आपण इंदुरातही घालायचा?" त्यांनी समासात लाल टिक केली. मी किंचाळले. लॉगबुक हा सरकारदरबारी दाखवायचा दस्तऐवज आहे, त्यात खाडाखोडसुद्धा नीट सही करून करावी लागते. "टिक आहे," काका शांतपणे म्हणाले, "शेरा नाही. शेरा लिहिला असता तर बोलली असतीस."

मग त्यांचं बोट खाली सरकलं. "हे एक तास दहा मिनिटं. यात हवेत किती वेळ होतीस?"

"पाऊण तास असेल."

"मग ही पंचवीस मिनिटं कसली?"

मी समजावलं की उड्डाणाचा वेळ चाकं जमीन सोडतात तिथून मोजत नाहीत. विमान उड्डाणासाठी स्वतःच्या जोरावर पहिल्यांदा हललं की मोजणी सुरू, आणि परत येऊन पूर्ण थांबलं की बंद. टॅक्सी करणं, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेणं, त्यात आलं, धावपट्टीच्या तोंडाशी थांबणंही आलं.

"आणि थांबलीस कशासाठी?"

"दिल्लीची एअरबस उतरत होती. प्रवासी विमानं आधी, आम्ही शिकाऊ नंतर. ती उतरली, तर दुसरी निघायला तयार. ती उडाली, मग तिच्या पंखांमागचे भोवरे निवळेपर्यंत आणखी दोन-तीन मिनिटं. छोटं विमान त्या भोवऱ्यात सापडलं तर उलटंपालटं होतं."

काकांनी चमचा बशीत ठेवला. एखाद्या शाखा व्यवस्थापकाला त्यांनी असंच बघितलं असणार.

"म्हणजे एअरबसची वाट बघत उभी होतीस, ते उड्डाण."

"हो."

"आणि एअरबस चालवलीस, ते उड्डाण नाही."

"नाही."

"रिक्षावाल्यानं वेटिंग लावावं आणि भाडं सोडून द्यावं, तसला हिशेब झाला हा."

सांगायला लाज वाटते, पण त्या कचेरीत उभी असताना मला हे एवढ्या नेमक्या शब्दांत सुचलं नव्हतं.

आमच्या विमानतळाची सुरुवात तर सगळी नीट विचारपूस करून झालेली. १९३५ साली होळकर सरकारनं टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंटचा सल्ला घेऊन बिजासनजवळची जागा ठरवली. हा तोच व्हिन्सेंट, ज्यानं १९३२ साली जेआरडींनी कराचीहून मुंबईला आणलेलं टपाल पुढे मद्रासला नेलं. जगातलं पहिलं जेट उडालं १९३९ साली, त्यामुळे तोवर कुणी त्याला जेटची तोंडओळख करून घेतलीस का, असं विचारलं नसेल. मी मात्र बिजासनमातेला हात जोडून रोज सेस्ना या छोट्या शिकाऊ विमानात बसते, आणि मुलाखतीआधी विमान कंपन्या सिम्युलेटरवर बसवतात तेव्हा हात थरथरू नयेत म्हणून वेगळे पैसे भरून जेट शिकते.

"शिकलीस काय तिथं?" काकांनी दुसरी बशी घेत विचारलं.

आता हे पोहे खाणाऱ्या माणसाला कसं सांगायचं? सेस्ना पूर्ण दमानं उडते तो वेग साधारण १२० नॉट, म्हणजे ताशी १२० नॉटिकल मैल. एअरबस त्याहून जास्त वेगानं जमिनीवर उतरते. सेस्नात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पुढे ढकलला की विमान लगेच ऐकतं. जेटला निष्क्रिय अवस्थेतून पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद लागतात, आणि जमीन जवळ आलेली असताना ते सेकंद फार मोठे असतात. उतरायचं तर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल धरायचे. म्हणजे ३५,००० फुटांवरून येताना सुमारे १०५ नॉटिकल मैल आधीपासून. "इंदूरला उतरायचं तर भोपाळच्या थोडं पलीकडूनच खाली यायला लागायचं, काका." पहिल्या सत्रात मी एवढी मागे पडले की शिकवणारे सर म्हणाले, "विमान उज्जैनला पोचलं, तू अजून देवासलाच आहेस." त्या खोलीतून बाहेर आले तेव्हा माझा कुर्ता पाठीला चिकटला होता. त्या घामाला कुठलाही रकाना नाही.

आणि खरं दुखतं ते इथंच. पावसाळ्यात ढग खाली आले की दिवसच्या दिवस हँगरबाहेर वाऱ्याची पिशवी बघत बसायचं. त्याचे तास नाहीत. विमान दुरुस्तीला गेलं, तास नाहीत. इन्स्ट्रक्टर रजेवर, तास नाहीत. घरभाडं, मेस, वैद्यकीय तपासणी मात्र वेळेवर. पैसे बाबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून येतात, आणि त्या फंडाचा हिशेब रात्री उशिरा कोण करत बसतं ते मला भिंतीपलीकडून ऐकू येतं. जेटचं शिकणं चैन आहे, असं मला कुणी सांगत नाही. नाही केलं तर मागे पडशील, एवढंच सगळे सांगतात. केलं तर ते मोजायचं नाही.

काका बराच वेळ पान उलटत होते. मग एकदम म्हणाले, "गेल्या दिवाळीत पुण्याहून येताना आमचं विमान धावपट्टीच्या तोंडाशी अर्धा तास उभं होतं. ते कुणाच्या तरी खात्यात गेलं असेलच ना?"

"वैमानिकाच्या."

"तिकीट माझं आणि तास त्याचे?"

"हो. शिवाय त्याला पगार."

"आणि तुझं?"

"माझं विमान मीच चालवते आणि पैसेही मीच भरते."

काका आईकडे वळले. "वहिनी, हिला जिलबी द्या." आणि मी ताटली हातात घेईपर्यंत त्यांनी त्या पंचवीस मिनिटांच्या नोंदीभोवती लाल शाईनं छान वाटोळा गोल केला होता.

आता मुख्य प्रशिक्षकांची सही घ्यायची आहे. हा गोल कशाचा म्हणून त्यांनी विचारलं तर काय सांगू, असं मी काकांना विचारलं.

"सांग," काका म्हणाले, "अंतर्गत तपासणी."