व्हायोलिनं परदेशी, कान सोलापुरी

मला सिनेमाचं पार्श्वसंगीत ऐकायचं व्यसन आहे. गाणी सगळेच ऐकतात, मी गाण्यांच्या मधलं ऐकतो. सरदारानं घोड्यावर टांग मारली तेव्हा मागं फ्रेंच हॉर्न होता की ट्रंपेट, यावर मी बायकोशी तासभर वाद घालू शकतो. ती घालत नाही. ती म्हणते, "अहो, घोडा बघा ना, किती देखणा आहे."

तर त्या ऐतिहासिक चित्रपटाचा ट्रेलर आला. (नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिलाय ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिला नाही ते आमच्या गल्लीतले नसणार.) ट्रेलरमध्ये आधी एकटा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खालच्या सुरात. मग व्हायोलिनांचा अख्खा ताफा. मग साठ-सत्तर गळ्यांचा कोरस, आणि त्यावर पडलेले ढोल. मी ठरवलं, हे फोनवर ऐकून वाया घालवायचं नाही. थेटरात जायचं, मधली रांग, मधली खुर्ची, आणि एकट्यानं.

सोलापुरात एकट्यानं सिनेमाला जाता येत नाही. तिकीट काढताना कुणीतरी ओळखीचं बघतं, आणि तुम्ही घरी पोचायच्या आत "काय, घरात काही झालंय का?" असा फोन बायकोला येऊन गेलेला असतो. त्यामुळं शेवटी आम्ही सहकुटुंब निघालो. बायको, मावशी, प्लॅस्टिकची तलवार आणि मावळ्याचा पोशाख अंगावर चढवलेला भाचा, आणि मामा.

मामांबद्दल सांगायला हवं. मामांचं सगळं आयुष्य शहराच्या पूर्व भागात जेकार्डच्या मागावर चादरी विणण्यात गेलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये नव्वद डेसिबलच्या वर आवाज असतो, रोज, पाळीभर. तिथं समोरच्याचं बोलणं कानानं ऐकायचं नसतं, ओठांवरून वाचायचं असतं. मामा आता निवृत्त आहेत, पण बोलायची पट्टी शेडमधलीच राहिली आहे. "चहात साखर कमी हाय बे" हे वाक्य ते घरात अशा आवाजात म्हणतात की शेजारच्या बिल्डिंगमधून साखर येते. घरच्यांच्या मते त्यांना ऐकू कमी येतं. मामांच्या मते घरचे पुटपुटतात.

मधली रांग मिळाली. मधली खुर्चीही मिळाली. डावीकडं मामा, उजवीकडं मावशी, मांडीवर तलवारीसकट मावळा.

सुरुवातीला पडद्यावर ते लांबलचक निवेदन आलं, कुणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही वगैरे. मावशींनी ते पूर्ण, मोठ्यानं, स्वल्पविरामांसकट वाचलं. मागच्या रांगेतनं "व्वा!" आलं. तिथंच मला अंदाज यायला हवा होता.

मग ऑर्केस्ट्रा सुरू झाला. चित्रपटगृहातला आवाज ८५ डेसिबलच्या मापाला बांधायचा, आणि त्यावर उसळायला २० डेसिबलची मोकळीक ठेवायची, असा जगभरचा दंडक आहे. संगीतकारानं ती मोकळीक ठेवणीतली न समजता पहिल्या पाच मिनिटांत खर्च करून टाकली. बायकोनं कानात पदर कोंबला. भाचा तलवार टाकून मला बिलगला. मामा मात्र खुर्चीत रेलले, पाय लांब केले आणि समाधानानं म्हणाले, "आता कसं शेडमधी आल्यावाणी वाटलालंय."

हल्ली आपल्याकडच्या ऐतिहासिक चित्रपटांची एक रीत झाली आहे. गडावर साधी मसलत चालू असली तरी मागं चाळीस व्हायोलिनं युद्धावर निघालेली असतात. समोरचा नट जीव तोडून बोलतोय, त्याच्या ओठांचा चंबू होतोय, मिशी थरथरतेय, आणि आपल्या कानावर येतंय ते फक्त तारा घासल्याचं. पहिल्या महत्त्वाच्या संवादाला हेच झालं. "काय म्हणले?" मावशी. "काय म्हणले?" पुढची रांग. "एनातु?" मागच्या एका कानडी आजी.

"म्हणलालेत, गडावर दाणागोटा भरून घ्या, पावसाळ्याच्या आत," मामांनी सांगितलं.

कोरसच्या वरून ऐकू गेलं. मामा ओठ वाचत होते! पुढचा संवादही त्यांनी सांगितला, त्याच्या पुढचाही. थोड्या वेळानं आजूबाजूच्या तीन रांगा पडद्याकडं बघायच्या आणि नटाचं तोंड मिटलं की मामांकडं वळायच्या. मामाही रंगात आले. सुरुवातीला नुसता मजकूर सांगत होते, मग त्यात स्वतःचा सल्ला घालू लागले. "म्हणलालाय, वाटाघाटीला एकटा येतो. जाऊ नको बे, एकटा कशाला जातोस!" यातलं किती लेखकाचं आणि किती मामांचं, हे कळायला मार्ग नव्हता. पण कथानक एकदम सुसूत्र झालं, हे मान्य करायला हवं.

कोरसचं प्रकरण वेगळंच. सिनेमातल्या कोरसचे शब्द कळू नयेत अशीच योजना असते, नुसता भारदस्तपणा हवा असतो. पण सोलापुरात न कळणारी भाषा अशी चीजच नाही. इथं एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी नांदतात, आणि जे आपल्याला कळलं नाही ते शेजाऱ्याच्या भाषेत असणार असं प्रत्येकजण धरून चालतो. मामा म्हणाले, तेलुगू आहे. पुढच्या रांगेतली तेलुगू पोरं, जी त्यांच्या हिरोच्या सिनेमाला कागदाचे कपटे उधळण्यात पारंगत आहेत, म्हणाली, तेलुगू नाही, संस्कृत असेल. मागच्या कानडी आजींनी संस्कृत हा शब्द ऐकला आणि लगेच हात जोडले. त्यानंतर कोरस आला की आजींचे हात जोडलेलेच. मुघलांच्या छावणीत कोरस आला तेव्हाही. मला राहवलं नाही, पण सांगणार काय? कदाचित खरंच मंत्र असेल.

मी मामांना हळूच (म्हणजे किंचाळून) सांगितलं की अशी व्हायोलिनं हल्ली बऱ्याचदा बुडापेस्टला किंवा स्कोप्येला वाजवून घेतात. तिथले वादक कानात ठेक्याची टिकटिक लावून, समोरचा कागद वाचत वाजवतात. मामांना हे पटेना. "त्या गड्याला ठाऊक तरी हाय का, कुनाच्या मरनावर वाजवलालाय ते?" मी म्हटलं, मामा, आपल्याच करमाळ्याकडचा 'सैराट' घ्या. २०१६ साली आलेल्या त्या सिनेमाच्या संगीताचं रेकॉर्डिंग हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत झालं. दिग्दर्शक जेऊरचा, रान करमाळ्याचं आणि व्हायोलिनं अमेरिकेची. तेव्हा तुम्हीच खुर्चीवर उभे राहून नाचला होता.

"तितं नाचायचंच होतं की बे," मामा म्हणाले. "हितं मानसं मरलालीत. जरा गप बसून मरू द्या."

बाकी सोलापूरकरानं एक गोष्ट चटकन हेरली. चेलो वाजला की फितुरी. संगीतकारानं दगाबाज सरदारासाठी एक खालची सुरावट बांधली होती आणि तो नुसता दारातून आत आला तरी ती वाजायची. राजांना कळायच्या कितीतरी आधी थेटराला कळलेलं. "मागं बगा, मागं!" "त्याला आत कोण सोडलं बे?" शेवटी शेवटी तर एक बिचारा, अगदी इमानी खबऱ्या तंबूत शिरला, चेलोवाल्यानं काय वाटलं कोण जाणे, दोन सूर लावले, आणि त्या खबऱ्याला अख्ख्या बाल्कनीनं शिव्या घातल्या. पुढं तो लढता लढता मेला, तरी कुणी माफ केलं नाही.

औरंगजेब पडद्यावर आला तेव्हा ट्रॉम्बोन, ट्यूबा, जेवढी म्हणून पितळी वाद्यं असतील तेवढी एकदम दणाणली. त्या दणदणाटात आमच्या पलीकडचे एक धोतरवाले गृहस्थ अचानक उठून म्हणाले, "ह्यो आमच्या गावात होता!"

गृहस्थ माचणूरचे. आणि म्हणणं खरंच होतं. १६९५ पासून चार वर्षं बादशहाचा तळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होता, किल्ला माचणूरला. त्याच्या आधी, १६८५ मध्ये, विजापूरच्या मोहिमेसाठी तो खुद्द सोलापुरात येऊन राहिला होता. इतिहासाच्या पुस्तकात ही माहिती एका ओळीत असते. या गृहस्थांच्या बोलण्यात ती चार वर्षांचं भाडं थकवून गेलेल्या बिऱ्हाडकरूची तक्रार होती. "मावळ्यांनी झोपू दिलं न्हाई त्याला आमच्यात," ते म्हणाले. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मग चार वर्सं ज्वारी कोण पुरवलं त्याला?" तेवढ्यात नेमका चेलो वाजला. लोकांनी माचणूरकरांकडं अशा नजरेनं पाहिलं की ते मुकाट्यानं खाली बसले.

मध्यंतराबद्दल विशेष काही नाही. बाहेर डिस्को भजी खाल्ली, प्रत्येकानं "असं झालंच नव्हतं" असं सांगितलं, आणि प्रत्येकाचं न झालेलं वेगळं होतं.

दुसऱ्या भागात लढाया. पडद्यावर सेनापतीनं तलवार उपसली, ढोल शिगेला पोचले, त्यानं "हर हर" म्हटलं. पुढचं "महादेव" थेटर म्हणणार, ही संगीतकाराची अपेक्षा, त्यासाठी त्यानं जागाही सोडलेली. पण बाल्कनीत आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे बाराबंदीतले (त्या दिवशी टी-शर्टातले) भक्त बसले असतील याची कल्पना त्याला कशी असणार? वरून खणखणीत आवाज आला, "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र!" आणि सगळं थेटर, "श्री सिद्धेश्वर महाराज की जय!" संगीतकारानं सोडलेल्या जागेत हे काही मावणार नव्हतं. पुढची अर्धी लढाई आम्ही जयघोषाखालीच लढलो. खरं सांगू? चित्रपटातलं सगळ्यात अंगावर येणारं संगीत तेच होतं, आणि ते बुडापेस्टचं नव्हतं.

आता शेवटचा प्रसंग. ज्याच्यासाठी मी मधली खुर्ची धरून बसलो होतो तो. अशा चित्रपटांत सगळ्यात हुकमी पान म्हणजे शांतता. अडीच तास कान बडवून झाल्यावर नायकाच्या बलिदानाच्या क्षणी संगीतकार सगळं थांबवतो. ढोल नाही, कोरस नाही, नुसता वारा. ट्रेलरमध्ये ते नव्हतं, पण येणार हे मला माहीत होतं. मी डोळे मिटले.

थांबलं. सगळं थांबलं.

आणि मावशींचा फोन वाजला.

"पानी सुटलं?" मावशी ओरडल्या. अडीच तासांत त्यांचीही पट्टी चढली होती.

ज्या शहरात नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं, तिथं हे दोन शब्द काय करतात हे बाहेरच्याला समजणार नाही. पडद्यावर वीर साखळदंडात उभा, डोळे पाणावलेले, आणि अंधारातून प्रश्न, "कुठल्या भागात?" "प्रेशर हाय का?" "मोटार लावा म्हनावं!" चार-पाच खुर्च्या धाडधाड मिटल्या. एक बाई नवऱ्याला सांगत होती, "तुमी बगा, मला नंतर सांगा मेले का ते." संगीतकारानं पुण्याईनं जमवलेली ती सगळी शांतता टाकीत गेली.

मी चिडून मामांकडं पाहिलं, तर मामा रडत होते. पाण्याचं त्यांच्या कानावरही गेलं नव्हतं. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून, शेडमधल्या पट्टीतच, हुंदके देऊन रडत होते. सोलापूरचा माणूस रुमालात रडत नाही, घरचा टेरी टॉवेल असताना रुमाल कशाला? बघता बघता रांगच्या रांग टॉवेलात. तेलुगू पोरंही. माचणूरकर तर सगळ्यांत मोठ्यानं, बहुतेक निर्दोष सुटण्यासाठी.

शेवटी श्रेयनामावली सुरू झाली. त्यात वादकांची नावं असतात, आणि मूळ सुरावट अखंड वाजते. मी बसून राहिलो. पण कुणीतरी उभं राहून गारद द्यायला सुरुवात केली, त्यावर सगळे उभे, मीही उभा. गारद संपेपर्यंत पहिली व्हायोलिनं वर निघून गेली होती, आणि दुसऱ्या व्हायोलिनांवर वरच्या माणसानं पडदा बंद करून दिवे लावले.

बाहेर एक तरुण फोन समोर धरून चित्रपटाचं परीक्षण करत होता. म्हणत होता की संगीताची खरी कमाल म्हणजे डाव्या बाजूनं मागून येणारी ती खरखर, रणधुमाळीचा तो खडबडीत पोत, हे आपल्याकडं पहिल्यांदाच झालंय. आसपासचे माना डोलवत होते.

मामा थबकले. "कसला पोत बे? मागचा डावा भोंगा फाटलाय तो. पैल्या गान्यापासनं ऐकलालोय मी. मागाचा धोटा बिघडला की आसंच वाजतंय."

तरुणानं फोन खाली केला. मामा सरळ उलटे फिरले आणि जिना चढून मशीनच्या खोलीकडं गेले, मागोमाग मी. आतल्या माणसानं भिंतीवरचा स्पीकर तपासला, परत आला आणि ओशाळून म्हणाला, "बरोबर हाय मामा, फाटलाय. सिनेमा लागल्यापासनं कुनीच सांगितलं न्हाई बगा."

"सांगनार कोन?" मामा म्हणाले. "समदी रडलालती की बे."