ट्रम्पेटच्या आधी मास्तर

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. अमेरिकन ट्रम्पेटवादक हर्ब आल्पर्ट यांच्या, कलाशिक्षणाला पैसा देणाऱ्या प्रतिष्ठानावरच्या लेखाला तुम्ही ‘श्रीमंताच्या करबचतीची आरती’ म्हटलंत. शाळेत संगीत शिकवणं हे सरकारचं काम, दात्याचं नव्हे, असंही लिहिलंत. शेवटी टोला मारलात, की इमारतीवर नाव कोरून घ्यायचं असेल तर त्याला दान कशाला म्हणायचं? पहिला आक्षेप अर्धा चुकीचा आहे. दुसरा बरोबर आहे आणि तो मूळ लेखात यायलाच हवा होता. तिसऱ्याचं शेवटी बघू.

आल्पर्ट आणि त्यांचे भागीदार जेरी मॉस यांनी 1962 मध्ये काढलेली ए अँड एम रेकॉर्ड्स ही ध्वनिमुद्रण कंपनी 1989 मध्ये पॉलीग्राम या मोठ्या संगीत कंपनीला सुमारे 50 कोटी डॉलरला विकली गेली. पैसा अफाट, हे कबूल. पण अमेरिकेत केंद्रीय आयकराचा सर्वांत वरचा दर 37 टक्के आहे. त्या दराने कर भरणाऱ्याने 100 डॉलर रोख दिले तर 2025 पर्यंत जास्तीत जास्त 37 वाचायचे, 2026 पासून 35; बाकीचे त्याच्या खिशातून जातात. शेअर दिले तर भांडवली नफ्यावरचा करही टळतो आणि बचत वाढते, पण दान देऊन कोणी फायद्यात राहत नाही. शिवाय कलाकाराने स्वतः घडवलेलं शिल्प दान केलं तर त्याला बाजारभावाची वजावट मिळतच नाही, फक्त साहित्याच्या खर्चाची मिळते. आल्पर्ट शिल्पकारही आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

खरी फट दुसरीकडे आहे आणि ती तुमच्या नजरेतून सुटली. वजावट मिळते आज, पण पैसा शाळेपर्यंत पोचतो हप्त्याहप्त्याने. खाजगी प्रतिष्ठानाने आपल्या गुंतवणुकीच्या सुमारे 5 टक्के रक्कम दरवर्षी वाटली की कायदा समाधानी. त्या 5 टक्क्यांत कार्यालय आणि पगाराचा वाजवी खर्चही धरता येतो. नाही वाटली तर उरलेल्या रकमेवर 30 टक्के दंडकर. आपल्याकडचा नियम वेगळ्या अंगाने जातो: करसवलत घेणाऱ्या न्यासाने वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के कामावर खर्च करायचे. तिथे मोजमाप मालमत्तेवर, इथे उत्पन्नावर. बाजार तेजीत असला की तिथलं मूळ भांडवल वाटूनही वाढतच राहतं. टीका करायची तर इथे करावी.

आणि ती कागद हातात घेऊन करता येते. तिथल्या प्रत्येक खाजगी प्रतिष्ठानाला ‘990-पीएफ’ हे विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कोणालाही बघायला मिळतं. विश्वस्तांचं मानधन, गुंतवणूक, कोणाला किती आणि कशासाठी दिलं, सगळं त्यात असतं. लागोपाठच्या तीन-चार वर्षांची विवरणपत्रं शेजारी ठेवायची. तीच शाळा दरवर्षी दिसते का? उद्देशाच्या रकान्यात ‘सर्वसाधारण खर्चासाठी’ असं आहे, की एखाद्या कार्यक्रमाचं नाव? पहिलं असेल तर शाळेला वीजबिल आणि पगार भागवता येतो. दुसरं असेल तर बहुधा एक संमेलन होतं, फोटो निघतात आणि जूनमध्ये मास्तर घरी बसतो.

आता तुमचा बरोबर असलेला आक्षेप. आल्पर्ट सांगतात, की आठव्या वर्षी शाळेतल्या टेबलावर मांडलेल्या वाद्यांतून त्यांनी ट्रम्पेट उचललं. ती लॉस एंजेलिसची सरकारी शाळा होती, 1940 चं दशक. ते टेबल कोणा दात्याचं नव्हतं, करदात्यांचं होतं. जून 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 13’ हा थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव मंजूर केला. मालमत्ता कर 1 टक्क्यावर बांधला गेला, करपात्र मूल्याची वाढ वर्षाला 2 टक्क्यांवर रोखली गेली. शाळांचं उत्पन्न आटलं आणि कात्री आधी संगीत आणि चित्रकलेवर चालली. नंतर संगीतकारांची प्रतिष्ठानं ज्या शाळांत धावून गेली, तिथला खड्डा बराचसा मतपेटीतून पडलेला होता.

खड्डा बुजवायला बाहेरून पैसा आला की आतला पैसा हळूच सरकतो, हा यातला सगळ्यात चिवट रोग. दात्याने संगीतशिक्षकाचा पगार उचलला की शाळा चालवणारं मंडळ पुढच्या अंदाजपत्रकात ती ओळ गाळतं. दाता तीन वर्षांनी निघून जातो आणि ओळ परत येत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये मंजूर झालेलं ‘प्रपोझिशन 28’ नेमकं यावर बेतलेलं आहे. राज्याने शाळांना द्यायलाच हव्या अशा हमी निधीच्या 1 टक्क्याइतकी जादा रक्कम दरवर्षी फक्त कला आणि संगीताला. त्यातली 70 टक्के पटसंख्येनुसार, 30 टक्के गरीब मुलांच्या प्रमाणानुसार. 500 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळा-जिल्ह्यांनी (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी) 80 टक्के रक्कम माणसं नेमण्यावरच घालवायची. हा पैसा आधीच्या खर्चात भर म्हणून वापरतो, त्याच्या जागी नाही, असं लेखी द्यायचं. एवढं करूनही, पैसा जुन्याच पगारांकडे वळवल्याचा आरोप करणारा दावा 2025 मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळा-जिल्ह्यावर दाखल झाला. कायद्याची ही गत, तर दात्याच्या साध्या पत्राला कोण विचारतो? अनुदानाच्या करारात ‘मंडळाचा कलाखर्च गेल्या वर्षापेक्षा घटला तर पुढचा हप्ता थांबेल’ हे वाक्य नसेल, तर तो करार अर्धाच आहे.

वाद्यं वाटण्याचंही तसंच. ट्रम्पेटच्या व्हॉल्व्हला तेल नाही मिळालं की ते अडकतात, क्लॅरिनेटचे पॅड वाळतात, रीड तर झिजणारच. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत लागतं, कारण मूल वाढतं. एकाच मापाची 30 व्हायोलिनं आली तर दोन वर्षांत निम्मी कपाटात जातात. संगीतकार मायकेल केमन यांनी 1996 मध्ये काढलेलं ‘मिस्टर हॉलंड्स ओपस फाउंडेशन’ म्हणून तर वाद्यवर्ग आधीपासून चालू असलेल्या शाळांनाच वाद्यं देतं. आधी शिकवणारा, मग ट्रम्पेट. कठोर वाटतं, पण बरोबर आहे.

या कसोटीवर आल्पर्ट यांचे दोन निर्णय बघा. 2010 मध्ये न्यूयॉर्कमधली हार्लेम स्कूल ऑफ द आर्ट्स ही कलाशाळा पैशाअभावी बंद पडली, तेव्हा त्यांनी 5 लाख डॉलर दिले; 2012 मध्ये 50 लाखांहून अधिक, त्यात कर्जफेड आणि कायम ठेव होती. कर्ज फेडायला दाते सहसा तयार होत नाहीत, त्याला फोटो नसतो. म्हणून मला हे दान मोठं वाटतं. 2016 मध्ये लॉस एंजेलिस सिटी कॉलेजला 1 कोटी 1 लाख डॉलर मिळाले. बातमी झाली ‘संगीताच्या विद्यार्थ्यांना फी माफ’. हिशेब करू. तिथे युनिटला, म्हणजे अभ्यासक्रमाच्या एका श्रेयांकाला, 46 डॉलर फी. वर्षाला 24 युनिट म्हणजे 1,104 डॉलर. 200 मुलं धरली तर सव्वादोन लाखांच्या आतच. गरजूंना तर राज्याच्या योजनेतून फी आधीच माफ होते. ठेवीवर 4 टक्के धरले तरी वर्षाला 4 लाख येतात. मोल फीमाफीचं नाही, उरलेल्या पैशातून होणाऱ्या एकास एक तालमीचं आहे. तीच महाग असते आणि तीच सर्वांत आधी बंद होते.

‘आपल्या झेडपीच्या शाळेला याचा काय उपयोग’ असंही तुम्ही जाता जाता विचारलंत. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. गावातल्या कोणाला शाळेसाठी काही करायचं असेल तर हार्मोनियम घेण्याआधी हे पद भरलंय का ते विचारावं. रिकामं असेल तर पेटीचा भाता उंदीर खातील आणि तबल्याची पुडी पावसाळ्यात उतरेल ती उतरेलच. पद भरलेलं असेल तर वाद्याच्या किमतीबरोबर दुरुस्ती आणि पुडी चढवण्याचे पैसेही वेगळे काढून द्यावेत.

राहिलं नाव. हार्लेममध्ये इमारतीला आल्पर्ट यांचं नाव लागलं, पण शाळेचं नाव होतं तेच राहिलं. यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात 2007 मध्ये 3 कोटी डॉलर देऊन अख्खं संगीत विद्यालयच त्यांच्या नावाचं झालं. पहिलं मला चालतं. दुसरं खटकतं, कारण सार्वजनिक विद्यापीठ करदात्यांनी उभं केलेलं आहे. तिथे तुमच्या टोल्याला माझ्याकडे उत्तर नाही.