‘डीमन’ म्हणजे राक्षस नव्हे

(स्पॉयलर आहेत. मालिका बघायची असेल तर आधी बघून या.)

माझ्या आईला इंग्रजी सबटायटल्स वाचायला वेळ पुरत नाही. त्यामुळे ‘फँग्ज ऑफ फॉर्च्यून’चे चौतीसच्या चौतीस भाग मी तिला मोठ्याने मराठीत वाचून दाखवले. २०२४च्या ऑक्टोबरअखेरीस आयचीयी या चिनी ओटीटीवर आलेली ही चिनी मालिका. रोज रात्री जेवणं उरकली की एक भाग, रविवारी दोन. मी एकटीने बघितली असती तर चांगली मालिका म्हणून सोडून दिली असती. आईसाठी वाचावी लागली म्हणून एकेका शब्दापाशी थांबावं लागलं, आणि पहिल्याच भागात गाडी अडली ती ‘डीमन’वर.

मी सवयीने ‘राक्षस’ म्हटलं. पडद्यावर मालिकेचा नायक, हा ‘डीमन’ झाओ युआनझोउ, आपल्याला पकडायला आलेल्या माणसांशी अगदी सावकाश, गोड बोलत होता. आई म्हणाली, “ह्यो राक्षस खंयचो? बघ तरी कसो बोलता.” मग मी ‘पिशाच’ म्हणून पाहिलं. तेही तिला पटेना. पिशाच मेलेल्या माणसाचं होतं, हा मेलाय कुठे? ‘राखणदार’ तिने स्वतःच सुचवलं आणि स्वतःच मोडीत काढलं, कारण राखणदाराला गाव असतो, सीमा असते, वर्षाचा मान असतो. ह्याला काहीच नाही.

मूळ चिनी शब्द आहे ‘याओ’. भुताला चिनीत ‘ग्वेइ’ म्हणतात, तो वेगळा. याओ म्हणजे झाड, मासा, कोल्हा, साप, कधी नुसता दगडसुद्धा, ज्याला शेकडो वर्षांच्या साधनेने जाण आली, रूप आलं, मन आलं. तो वाईट असेलच असं नाही. हांगचौच्या पश्चिम तळ्याकाठची पांढऱ्या नागिणीची गोष्ट तिकडे पोराटोरांना ठाऊक असते. ती माणसाशी संसार थाटते आणि फाहाय नावाचा भिक्षू तिला लेईफेंग पॅगोड्याखाली कोंडतो. तो पॅगोडा २५ सप्टेंबर १९२४ रोजी खरोखरच कोसळला, तेव्हा चिनी लेखक लू शुन यांनी त्यावर लेख लिहून आनंद व्यक्त केला. लहानपणी आजीकडून ही गोष्ट ऐकल्यापासून तो पडावा असं त्यांना वाटत होतं. एवढा मोठा लेखक नागिणीच्या बाजूने, साधूच्या नव्हे! याओकडे बघायची ही नजर किती जुनी आहे, ते यावरून कळतं.

आता झाओ युआनझोउ. त्याचं खरं नाव झू यान. ‘शान हाय जिंग’ या दोन हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात, डोंगर आणि समुद्रांच्या त्या अजब वर्णनात, झू यानचा उल्लेख जेमतेम एका ओळीचा आहे: वानरासारखा प्राणी, पांढरं डोकं, तांबडे पाय, आणि तो दिसला की मोठं युद्ध होतं. एवढंच. मालिकेच्या लेखकांनी ही ओळ उचलली आणि प्रश्न विचारला: ज्याच्या नुसत्या दिसण्याला जग अपशकुन मानतं, त्याला स्वतःला काय वाटत असेल? त्यांनी त्याला जगातल्या सगळ्या दुष्ट ऊर्जेचं भांडं केलंय. माणसांचा द्वेष, मत्सर, सूड, सगळं त्याच्यात साठतं. रक्तवर्णी चंद्र उगवला की त्याचा स्वतःवरचा ताबा जातो. अशाच एका रात्री त्याने कितीतरी माणसं मारली. त्यांत मालिकेचा दुसरा नायक झुओ यीचेन याचे वडील आणि भाऊही गेले.

आठ वर्षांनी तो त्याच झुओ यीचेनसमोर येऊन उभा राहतो आणि सांगतो, मी तुम्हाला मदत करतो, काम संपलं की तुझ्या घराण्याच्या तलवारीने मला मार.

इथे मला मनापासून बोलायचंय. मालिकेवर लिहिणारे बहुतेक जण अभिनेत्री चेन दूलिंगने रंगवलेली वन श्याओ आणि झाओ यांच्या प्रेमाबद्दल लिहितात. ते प्रेम सुंदर आहे. पण मालिकेचा जीव या दोन पुरुषांच्या नात्यात आहे. आपल्याकडे असं कथानक असतं तर विसाव्या भागापर्यंत ‘त्याचा दोष नव्हता’ असं सिद्ध करून गळाभेट झाली असती. इथे कुणी ते करत नाही. झाओ कधीच म्हणत नाही की मी शुद्धीत नव्हतो म्हणून मला सोड. झुओ कधीच म्हणत नाही की जाऊ दे, झालं गेलं. वचन जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या शेजारी मैत्री वाढत जाते. एकत्र जेवतात, चिडवतात, एकमेकांसाठी मार खातात, आणि दोघांनाही माहीत असतं की शेवटी तलवार उचलायची आहे. झाओ झालेला होउ मिंगहाओ हे सगळं नुसत्या हसण्यातून दाखवतो. दोन बोटं ओठांपाशी नेऊन तो एक अक्षर उच्चारतो आणि मंत्र लागू होतो. सुरुवातीला त्यात ऐट दिसते. तीसाव्या भागानंतर तीच बोटं दमलेली वाटतात.

आणि ली लुन! तो हुआइ वृक्षाचा याओ. चिनी लिपीत ‘हुआइ’चं अक्षर ‘झाड’ आणि ‘भूत’ ही दोन चिन्हं जोडून लिहितात. हे सांगितल्यावर आई लगेच म्हणाली, “म्हणजे पिंपळावरचो मुंजो!” पुरतं जुळत नाही, पण जवळ आहे. ली लुन झू यानचा बालमित्र. माणसं याओंना पकडून छळतात हे बघून तो माणसांवर उठतो आणि मित्र आपल्या बाजूने उभा राहिला नाही हे त्याला कधीच विसरता येत नाही. खलनायक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, त्याचा राग खरा आहे.

दोष आहेतच. दिग्दर्शक गुओ जिंगमिंग यांना स्लो मोशन आणि उडत्या केसांचा फार सोस, प्रत्येक चौकट दागिन्यासारखी मढवलेली. मधल्या काही भागांत कथा चक्क रेंगाळते. मला तरीही ते चाललं.

शेवटच्या भागात झुओने तलवार हातात घेतली, तेव्हा मी वाक्य वाचायला लागले. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आता वाचू नको. कळता माका.”

म्हणून ‘राक्षस’ या शब्दावर माझा एवढा राग आहे. आपल्याकडे राक्षसाचा वध होतो आणि वधानंतर कुणी रडत नाही, गुलाल उधळतात. त्या शब्दातून बघितलं तर हा शेवट आनंदाचा वाटेल आणि झुओ यीचेन वडिलांचा सूड घेणारा वीर ठरेल. पण तो तर आपल्या सगळ्यात जवळच्या मित्राला दिलेला शब्द पाळत असतो.

तेव्हा, इथे जे कुणी हौसेने चिनी मालिकांची मराठी सबटायटल्स करत असतील किंवा पुढे करणार असतील, त्यांना हात जोडून विनंती: राक्षस, दानव, भूत काही घालू नका. ‘याओ’ असंच राहू द्या. दोन भागांत अर्थ लागतो. माझ्या आईला लागला.