ओळीखालचे बोट
मुलांना रोज ठरावीक वेळ वाचायला बसवावे, हे एका लेखात वाचलेले मत मला पुरते पटत नाही. माझी मुलगी ७ वर्षांची होईपर्यंत जोडाक्षरापाशी अडखळायची. एकेक अक्षर उलगडण्यातच सारे लक्ष खर्ची पडल्याने वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात तिच्या ध्यानातून गेलेली असे. त्या काळात मीच तिला वाचून दाखवत राहिलो आणि गोष्टीची गोडी तिला आधी कानांनी लागली. एका संध्याकाळी गोष्ट ऐन रंगात असताना मला उठावे लागले. परतलो तेव्हा ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत पुढचे पान वाचत होती. मी शेजारी बसलो तरी तिने मान वर केली नाही. उरलेली गोष्ट त्या रात्री तिनेच मला सांगितली.